आधी समिती, मग तिकीट: पक्षात बायकांना खरं पद मिळवून द्यायचं तर कोणत्या क्रमानं जायचं

दर निवडणुकीच्या दोन-तीन महिने आधी मला फोन यायला लागतात, कधी इंदूरच्या सुदामा नगरातून, कधी लोकमान्य नगर, कधी परदेशीपुरा. "ताई, यंदा आमच्या वॉर्डातून बाईलाच तिकीट मिळायला पाहिजे, निवेदन लिहून द्या ना." निवेदन मी लिहून देते, पण मनातून माहीत असतं की हे वरातीमागून घोडं आहे. पॅनलमध्ये, म्हणजे उमेदवारीसाठी सुचवायच्या यादीत, कोणाची नावं जाणार हे ज्या खोलीत ठरतं तिथे आपली एकही बाई बसलेली नसते, आणि ती तिथे नसणार हे दोन वर्षांपूर्वीच ठरून गेलेलं असतं, मंडलाची, म्हणजे वॉर्डाच्या वरच्या पक्ष-पातळीची, कार्यकारिणी बनली त्या दिवशी.

मी चौदा वर्षं एका पक्षात वॉर्ड आणि मंडल पातळीवर काम केलंय. पक्षाचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या पक्षातल्या मैत्रिणींशी बोललं तरी गोष्ट तीच निघते, फक्त पदांची नावं बदलतात, कुठे मंडल म्हणतात कुठे ब्लॉक. आपल्याच पक्षाची रचना आतून बदलू पाहणाऱ्या बायकांसाठी, आणि त्यांना साथ देणाऱ्या पुरुषांसाठीही, हे लिहितेय.

सगळ्यात मोठा गोंधळ आधी सोडवते. नगर निगमात, म्हणजे महापालिकेत, महिला आरक्षण आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीनं किमान एक तृतीयांश सांगितलं, मध्य प्रदेशानं ते अर्ध्यावर नेलं, म्हणून इंदूरच्या ८५ वॉर्डांत निम्म्या जागा महिलांच्या. लोकसभा-विधानसभेसाठी २०२३ ची १०६ वी घटनादुरुस्ती आहे, एक तृतीयांशाची, ती जनगणना आणि परिसीमनाला, म्हणजे मतदारसंघांच्या फेररचनेला, बांधलेली. पण हे सगळं सभागृहातल्या जागांचं झालं. पक्षाच्या आतल्या समितीत किती बायका पाहिजेत याचा कायदाच नाही, ते पक्षाची स्वतःची घटना ठरवते. २०२४ ला लोकसभेत ५४३ पैकी ७४ बायका निवडून गेल्या, २०१९ ला ७८ होत्या, म्हणजे आकडा खाली आला. जिथे जागा राखीव नाही तिथे नाव पक्ष ठरवतो, आणि पक्ष म्हणजे शेवटी समितीतली पाच-सात माणसं.

म्हणून क्रम असा: घटना, मोजणी, सदस्यता, लेखी मागणी, ठराव, आणि मग तिकीट. एक पायरी गाळलीत तर पुढची हमखास अडते.

१. पक्षाची घटना हातात घ्या

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९क खाली नोंदणी करताना प्रत्येक पक्षाला आपले नियम निवडणूक आयोगाला द्यावेच लागतात. म्हणजे घटना आहे, लेखी आहे, गुपित नाही. आयोगाच्या किंवा पक्षाच्या वेबसाइटवर शोधा, नाही सापडली तर शहर कार्यालयात लेखी मागा आणि मागितल्याची पोच घ्या.

वाचताना पेन्सिल घेऊन बसा. चार गोष्टींवर खूण करायची: प्राथमिक सदस्य आणि सक्रिय सदस्य यात फरक काय, कोणत्या समितीत किती जण, त्यातले निवडलेले किती आणि मनोनीत, म्हणजे वरून नेमलेले, किती, आणि महिलांसाठी काही हिस्सा लिहिला असेल तर तो नेमका कशात लिहिलाय. हा शेवटचा मुद्दा दोनदा वाचा. "कार्यकारिणीत एक तृतीयांश महिला" आणि "पदाधिकाऱ्यांत एक तृतीयांश महिला" यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पहिल्यात सगळ्या बायका साध्या सदस्य राहिल्या तरी नियम पाळला गेला असं म्हणता येतं.

सावधान: "विशेष आमंत्रित" आणि "स्थायी आमंत्रित" हे शब्द दिसले की मताचा अधिकार आहे का ते शोधा. बऱ्याच वेळा बायकांची संख्या याच यादीतून भरून काढतात आणि मत मात्र नसतं.

सावधान: पक्षानं स्वतःची घटना पाळली नाही म्हणून आयोगाकडे तक्रार करून नोंदणी रद्द होईल या भरवशावर राहू नका. त्या कारणावरून आयोगाला नोंदणी रद्द करता येत नाही असं सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच सांगितलंय. लढाई आतच लढावी लागते, उशिरा कळतं म्हणून आधी सांगतेय.

२. मोजणी करा, पण योग्य लोकांची

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबते.

जुन्या वाड्यात ओसरी आणि माजघर असायचं तसं पक्षात अजून आहे. महिला मोर्चा, महिला विभाग, महिला प्रकोष्ठ, नाव काहीही असो, ते माजघर. तिथे काम खूप होतं, हळदीकुंकू, रॅलीला बायका आणणं, घरोघरी पर्ची वाटणं, पण निर्णय ओसरीवर होतात, म्हणजे मुख्य संगठनात. आपण मोजायला बसलो की मोर्चाच्या सगळ्या बायका धरतो आणि "आमच्याकडे शंभर महिला पदाधिकारी" असा आकडा निघतो, जो पुढे आपल्याच विरोधात वापरला जातो. मोर्चा अजिबात मोजायचा नाही. फक्त मुख्य समित्या.

एक साधी वही घ्या, रकाने पाडा: नाव, बाई की पुरुष, पद, निवडून की मनोनीत, मताचा अधिकार आहे की नाही, मागच्या सहा बैठकांपैकी कितींना बोलावणं आलं, कितींना हजर. बूथपासून सुरू करा, मग वॉर्ड, मंडल, शहर. पन्ना प्रमुख, म्हणजे मतदार यादीच्या एकेका पानाचे कार्यकर्ते, असतील तर तेही. एका मंडलाला दोन-तीन रविवार लागतात, घाई करू नका आणि ऐकीव माहितीवर नाव लिहू नका.

मग तीन गोष्टी वेगळ्या काढा. पैसा कोणाकडे, म्हणजे कोषाध्यक्ष कोण आणि खात्यावर सही कोणाची. यादी कोणाकडे, म्हणजे उमेदवारांचं पॅनल कोण बनवतं. आणि बैठक कोण बोलावतं, म्हणजे तारीख, वेळ, विषय कोण ठरवतं. बायका या तिन्हीपैकी कशात नसतील तर समितीत निम्म्या असल्या तरी काही फरक पडत नाही, हे मी स्वतः बघितलंय. मी ज्या कार्यकारिणीत होते तिथे एकवीसमध्ये सात बायका होत्या, बरोबर तिसरा हिस्सा, कागदावर सगळं ठीक. पण पॅनल बनवायला जी पाच जणांची छोटी समिती बसायची तिचं नाव घटनेत कुठेच नव्हतं, तिच्या बैठकीची नोंदही नव्हती, आणि ती रात्री साडेनऊनंतर कोणाच्या तरी घरी बसायची. आम्हा सात जणींना दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर यादी मिळायची. तीन वर्षं मला हे लक्षातच आलं नाही की मी मोजतेय ती समिती आणि निर्णय घेते ती समिती या दोन वेगळ्या आहेत. त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्या तीन वर्षांत दोन चांगल्या मुली कंटाळून काम सोडून गेल्या.

तपासा: तुमच्या वहीत घटनेत नसलेल्या पण निर्णय घेणाऱ्या गटाचं पान आहे का? कोअर ग्रुप, टोळी, संचालन समिती, जे नाव असेल ते. नसेल तर मोजणी अपुरी आहे.

३. सदस्यता स्वतःच्या नावावर, स्वतःच्या नंबरावर

हे किरकोळ वाटतं, पण इथेच निम्म्या बायका शर्यतीच्या बाहेर पडतात. सदस्यता अभियानात फॉर्म भरताना घरातला एकच मोबाइल नंबर सगळ्यांच्या नावापुढे टाकला जातो, तो असतो नवऱ्याचा किंवा मुलाचा, ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे, बैठकीचं निमंत्रण त्याच्याकडे, आणि कार्यालयाच्या यादीत त्या बाईच्या नावापुढे जो माणूस फोन उचलतो तोच कार्यकर्ता समजला जातो. दुसरं असं की काही पक्षांत सक्रिय सदस्य व्हायला ठरावीक संख्येनं नवे सदस्य जोडावे लागतात. बाई गल्लीतल्या पन्नास बायकांना जोडते आणि ते पन्नास नवऱ्याच्या नाहीतर भाऊजींच्या रेफरल कोडवर चढतात. पुढे पक्षाच्या आतल्या, संगठन निवडणुकीत उभं राहायची वेळ आली की हिच्याकडे सक्रिय सदस्यताच नसते, आणि "महिला पात्रच नाहीत, आम्ही काय करणार" हे उत्तर तयार असतं.

काय करायचं: प्रत्येकीचा स्वतःचा नंबर, स्वतःचा कोड, पावतीचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांच्यासाठी गटातल्या एखाद्या बाईचा नंबर चालतो का ते आधी कार्यालयात विचारा, घरच्या पुरुषाचा हा शेवटचा पर्याय. आधीचा नंबर चुकीचा असेल तर आत्ताच दुरुस्तीचा अर्ज द्या, अभियान संपल्यावर कोणी ऐकत नाही.

आणि एक, फक्त आपल्या ओळखीच्या, शिकलेल्या, रामबाग-तिलक नगरच्या बायकांना जोडून थांबू नका. बस्तीतल्या, दलित, मुसलमान बायका यादीत नसतील तर जागा मिळाल्यावर त्या परत पाच-सहा घरांतच वाटल्या जातील, आणि तो बदल मला बदल वाटत नाही.

४. मागणी लिहून काढा

तोंडी मागणीला तोंडी होकार मिळतो आणि तो तिथेच विरतो. एका पानात मावेल असा मसुदा करा. आमच्या गटानं वापरलेला खाली देते, शब्द आपल्या पक्षाच्या घटनेप्रमाणे बदला:

"मंडल आणि शहर पातळीवर अध्यक्ष, महामंत्री आणि कोषाध्यक्ष या तीन पदांपैकी किमान एकावर महिला असेल. पदाधिकाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला असतील आणि त्यात महिला मोर्चाच्या पदाधिकारी मोजल्या जाणार नाहीत. उमेदवारांची नावं सुचवणाऱ्या प्रत्येक समितीत किमान दोन महिला मताच्या अधिकारासह असतील. बैठकीची सूचना तीन दिवस आधी प्रत्येक सदस्याच्या स्वतःच्या नंबरावर जाईल आणि बैठक संध्याकाळी सात वाजेपर्यंत संपेल. सदस्याऐवजी तिचा नातेवाईक बैठकीत बसणार नाही."

किमान दोन का? एकटी बाई बोलली की तिचं म्हणणं तिचं वैयक्तिक मत ठरतं. दुसरी "मी सहमत आहे" म्हणायला असली की नोंद होते. खोलीत बसून बघितलेली गोष्ट आहे.

बैठकीच्या वेळेचं कलम काढून टाका असा आग्रह नक्की होईल, कारण ते छोटं दिसतं. सोडू नका. रात्रीच्या बैठकीला न येता येणारी बाई कागदावर सदस्य असते आणि प्रत्यक्षात गैरहजर, मग तिची गैरहजेरीच तिला काढायचं कारण होते.

त्रासाच्या तक्रारीसाठी वेगळं कलम घाला. कार्यस्थळी लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा पक्षालाही आपोआप लागतो असं बऱ्याच जणींना वाटतं. केरळ हायकोर्टानं २०२२ मध्ये म्हटलं की पक्ष आणि कार्यकर्ता यांच्यात मालक-नोकराचं नातं नाही म्हणून अंतर्गत समिती बंधनकारक नाही, आणि २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानंही त्यात हात घालायला नकार दिला. म्हणजे जोवर पक्षाच्या स्वतःच्या नियमात तक्रार समिती नाही तोवर प्रचारात, दौऱ्यावर, गाडीत काही घडलं तर पक्षात दाद मागायला जागा नाही. पोलिसांचा रस्ता आहेच, पण प्रत्येक गोष्टीला बाई पोलिसात जाईल अशी अपेक्षा ठेवणं अन्याय आहे. समितीत किमान निम्म्या महिला, एक व्यक्ती पक्षाबाहेरची, आणि निकालाची मुदत, एवढं तरी लिहाच.

तपासा: मसुद्यात "प्रयत्न केला जाईल", "शक्यतो", "योग्य प्रतिनिधित्व" असे शब्द शिरलेत का? शिरले असतील तर काढा. ही सगळी बोलाचीच कढी.

५. ठराव कुठे, कधी आणि कोणी मांडायचा

मुहूर्त चुकला की चांगला मसुदाही वाया जातो. सगळ्यात चुकीचे दोन दिवस म्हणजे ८ मार्चचा कार्यक्रम आणि तिकीटवाटपाचा आठवडा. ८ मार्चला टाळ्या मिळतात, मंचावरून "नक्की करू" येतं, पण तो कार्यक्रम असतो, बैठक नसते, त्यामुळे नोंद होत नाही. तिकिटाच्या आठवड्यात तुमची मागणी म्हणजे तुमची स्वतःची दावेदारी समजतात आणि चार बायकांत भांडण लावून देणं सोपं जातं.

योग्य वेळ म्हणजे संगठन निवडणुकीच्या सहा महिने आधीची कार्यकारिणीची नेहमीची बैठक. निगमाची मागची निवडणूक जुलै २०२२ मध्ये झाली, पाच वर्षांचा हिशोब सगळ्यांना माहीत आहे, त्यावरून उलटं मोजत या आणि मध्ये संगठनाचा कार्यक्रम कधी लागतो ते कार्यालयात विचारून ठेवा.

बैठकीच्या आधी प्रत्येक सदस्याला एकेकट्यानं भेटा, घरी जाऊन, चहा घेऊन. मोजणीची वही बरोबर न्या. माझा अनुभव असा की उघड विरोध करणारे एक-दोनच असतात, बाकीचे फक्त आपली खुर्ची जाईल या भीतीनं गप्प असतात, त्यांना पदं रिकामी होतील तसं लागू करायचं असं सांगितलं की निम्मे तरी मोकळे होतात. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, आपल्याला पद हवंय हे सरळ म्हणा. "आम्हाला पदाचा मोह नाही हो" असं आपणच म्हणतो आणि मग ते खरं धरलं जातं.

मांडणारी बाई असावी, अनुमोदन शक्यतो एखाद्या जुन्या, मान असलेल्या पुरुष सदस्याचं घ्या. मंजूर झालं की कार्यवाही रजिस्टरमध्ये ठराव शब्दशः लिहून घ्या, "महिलांच्या सहभागावर चर्चा झाली" एवढंच लिहू देऊ नका. सह्या झाल्यावर तिथल्या तिथे फोटो काढा. मग मंडलाचा ठराव शहराकडे, शहराचा प्रदेशाकडे, प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घेऊन. एका मंडलाचा ठराव वर जाऊन पडून राहतो, तीन-चार मंडलांतून तोच मजकूर गेला तर विषयपत्रिकेवर घ्यावाच लागतो, म्हणून दुसऱ्या मंडलातल्या बायकांना आधीच गाठा.

सावधान: पुढच्या बैठकीत "मागील कार्यवाहीची पुष्टी" हा विषय असतो, त्या दिवशी गैरहजर राहू नका. ठराव बदललेला दिसतो तो इथेच.

६. आता तिकीट

समितीत दोन बायका बसल्या, यादी त्यांच्यासमोर आली, मग तिकिटाचं बोला. इथे दोनच मुद्दे.

पहिला, राखीव वॉर्ड फिरतो. लॉटरीत आज महिला राखीव आलेला वॉर्ड पुढच्या वेळी खुला होतो आणि पाच वर्षं चांगलं काम केलेली पार्षद, म्हणजे नगरसेविका, घरी बसते, कारण खुला म्हणजे पुरुषांचा असंच सगळे धरून चालतात. खुल्या वॉर्डातून बाई लढू शकते, कायद्यानं कुठेच अडवलेलं नाही. म्हणून ठरावात हेही टाका की विद्यमान महिला पार्षदाचा वॉर्ड खुला झाला तर पॅनलमध्ये तिचं नाव पाठवावंच लागेल, आणि नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागेल. लोकसभेच्या माजी अध्यक्षा सुमित्राताई महाजन १९८२ मध्ये इंदूरच्या निगमात आल्या, पुढे उपमहापौर झाल्या, ७४ वी दुरुस्ती यायच्या कितीतरी आधी, मग १९८५ ची विधानसभा हरल्या आणि तरी १९८९ ला लोकसभेचं तिकीट त्यांना मिळालं. हरलेल्या बाईला पक्षानं दुसरी संधी दिली, हे आज किती जणींच्या वाट्याला येतं ते आपल्या वहीत बघा.

दुसरा, नुसती तिकिटांची टक्केवारी मागू नका. उत्तर प्रदेशात २०२२ ला काँग्रेसनं ४० टक्के तिकिटं महिलांना दिली, पण पक्षाचं जमिनीवरचं संगठनच कमजोर होतं आणि सगळ्या मिळून ४०३ पैकी दोनच जागा आल्या. ओडिशात २०१९ ला बिजू जनता दलानं लोकसभेच्या २१ पैकी ७ जागी बायका उभ्या केल्या, त्यातल्या ५ जिंकल्या, आस्कामधून निवडून आलेल्या प्रमिला बिसोई तर बचत गटातून आलेल्या. एकीकडे पक्ष जिंकू शकत होता आणि बाईची स्वतःची बांधणी होती, दुसरीकडे नुसती तिकिटं होती. तुमच्या शहरात मागच्या तीन निवडणुकांत पक्ष कोणत्या वॉर्डांत पडलाय ती यादी काढा आणि बायकांना तिथेच उभं केलं जातंय का ते तपासा.

पैशाचं विचारायला लाजू नका. पक्ष उमेदवाराला काय देणार, गाडी, झेंडे, बूथचा खर्च, हे नाव जाहीर व्हायच्या आधी लिहून घ्या. बाईच्या नावावर घर-जमीन नसते, घरच्यांनी पैसा लावला की पुढची पाच वर्षं हुकूमही घरच्यांचा चालतो.

७. निवडून आल्यावर

ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच प्रदेशात, सागर आणि दमोहकडच्या काही पंचायतींत, निवडून आलेल्या बायकांच्या जागी त्यांच्या नवऱ्यांनी आणि नातेवाइकांनी शपथ घेतली. शहरात इतकं उघड होत नाही, पण पार्षद पति हा शब्द इंदूरमध्ये कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पक्ष इथे बरंच काही करू शकतो: पक्षाच्या पार्षदांच्या ग्रुपमध्ये फक्त पार्षदाचाच नंबर, पक्षाच्या बैठकीत तिच्या खुर्चीवर दुसरं कोणी नाही, आणि झोनच्या पहिल्या काही बैठकांना तिच्याबरोबर एखादी अनुभवी माजी महिला पार्षद. बजेट, टेंडर, फाइल कुठे अडते, हे तीन महिन्यांत शिकता येतं, शिकवणारं कोणी लागतं फक्त.

शेवटची तपासणी आजच करता येईल. आपल्या वॉर्डात महिला पार्षद असतील, कोणत्याही पक्षाच्या, तर पक्षाच्या यादीत त्यांच्या नावापुढे जो नंबर दिलाय तो लावा. त्यांनी स्वतः उचलला तर त्यांना भेटायला जा आणि मसुदा दाखवा. दुसऱ्या कोणी उचलला तर पायरी तीनपासून काम सुरू करायचंय, आणि ते त्यांच्याच घरापासून.